कॉलेजच्या अभ्यासगटात जावं की नाही, हे कसं ठरवायचं? नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

कॉलेज सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यातच वर्गात एक यादी फिरते. कुठे तिच्यावर ‘लर्निंग कम्युनिटी’ लिहिलेलं असतं, कुठे ‘स्टडी सर्कल’, कुठे साधं ‘अभ्यासगट’. नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल. शेजारच्याने लिहिलं म्हणून आपणही लिहितो आणि यादी पुढे सरकवतो. दहा सेकंदांत घेतलेल्या या निर्णयावर पुढे सत्रभर आठवड्याचे पाच-सहा तास खर्च होतात. म्हणून यादी पुढच्या बाकावर जाऊ द्या. नाव आठ-दहा दिवसांनीही देता येतं. तेवढ्यात दोनच गोष्टी शोधायच्या आहेत. मी एकट्याने जे काम करत नाही, ते हा गट माझ्याकडून करून घेईल का? आणि त्यासाठी लागणारा वेळ माझ्याकडे त्या दिवशी, त्या घटकेला आहे का?

पहिल्यांदा, यादी कशाची आहे ते बघा

‘लर्निंग कम्युनिटी’ हा शब्द अमेरिकेतल्या कॉलेजांतून आला. तिथे त्याचा अर्थ बराच ठरलेला आहे: एकाच तुकडीची मुलं दोन किंवा तीन विषय एकत्र घेतात आणि ते विषय शिकवणारे शिक्षक आपसांत बसून ते एकमेकांना जोडतात. या कल्पनेचं मूळ बहुतेक वेळा विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मिक्लजॉन यांनी १९२७ ते १९३२ या काळात चालवलेल्या प्रायोगिक कॉलेजात शोधलं जातं. अलीकडचं उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजचं. तिथे पंचविसेक नव्या मुलांची तुकडी इंग्रजी, दुसरा एक विषय आणि कॉलेजची ओळख करून देणारा छोटा कोर्स असे तीन कोर्स एकत्र करायची, शिवाय जादा शिकवणी मिळायची. चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही मुलं तुकडीत आणि काही बाहेर ठेवून त्याचा अभ्यासही झाला. पहिल्या सत्रात तुकडीतली मुलं जास्त विषय पास झाली. पुढच्या सत्रांत फरक तितका ठळक राहिला नाही. म्हणजे चांगला चाललेला गट हात देतो, पण तो जादूची कांडी नाही. एवढी अपेक्षा ठेवून गेलात तर निराशा होणार नाही.

आपल्याकडे त्याच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एखाद्या अवघड विषयाचा, शिक्षकांच्या देखरेखीखाली चालणारा गट असतो. हा लेख मुख्यतः त्याच्याविषयी आहे. कोडिंग, रोबोटिक्स, वादविवाद यांचे क्लब असतात. त्यांचा फायदा वेगळा, आणि गणित सुटावं म्हणून तिथे जाण्यात अर्थ नाही. स्पर्धा परीक्षेचे गट असतात, ज्यांचा तुमच्या पदवीच्या अभ्यासक्रमाशी फारसा संबंध नसतो. आणि वीस-पंचवीस मुलांमागे एक पालक-शिक्षक अशी योजना असते, जी गट वाटते पण मुख्यतः हजेरी आणि अडचणी विचारण्यासाठी असते. अभ्यासिका तर अगदीच निराळी. तिथे शांतता पाळायची असते, बोलून अभ्यास करता येत नाही. यादी आणणाऱ्या दादाला किंवा ताईला एकच विचारा: “मागच्या आठवड्यात गटात नेमकं काय केलं?” ‘इंटिग्रेशनची नऊ गणितं सोडवली’ असं उत्तर आलं तर पुढे विचार करा. ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’, ‘एक्स्पोजर’, ‘नेटवर्किंग’ एवढंच ऐकू आलं तर तो अभ्यासगट नाही, हे मनात धरून ठरवा.

वेळेचा हिशेब: कागदावर आणि घड्याळावर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. तासिकेचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३०. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं, तर १६ क्रेडिट तासिका आणि ६ क्रेडिट प्रात्यक्षिकं घेणाऱ्या विज्ञानाच्या मुलाचे आठवड्याला १६ अधिक १२, म्हणजे २८ तास कॉलेजातच जातात.

आता आठवड्याचे १६८ तास मांडा. दिंडोरी तालुक्यातून रोज ये-जा करणारी मुलगी धरू. झोप ४९. कॉलेज २८. प्रवास आणि स्टँडवरचं थांबणं रोज अडीच तास, सहा दिवसांचे १५. जेवण, अंघोळ, घरकाम रोज ३ प्रमाणे २१. शेतात किंवा दुकानात मदत १२. बेरीज १२५. उरले ४३. त्यातून स्वतःचा अभ्यास रोज ३ तास, सहा दिवस, म्हणजे १८. तरी २५ तास शिल्लक. गटाला पाच तास लागणार, मग अडचण कुठे?

अडचण ही की हे २५ तास सलग नाहीत. अर्धा तास स्टँडवर, पाऊण तास रात्री नऊनंतर, रविवारची दुपार. गट मात्र बुधवारी साडेतीन ते पाच. म्हणजे कागदावर बसतं, घड्याळावर बसत नाही. म्हणून बेरजेवर थांबू नका. एका कागदावर सोमवार ते शनिवार सकाळी सात ते रात्री आठ असे रकाने आखा, आणि गटाची वेळ ज्या रकान्यात पडते त्याच्या आधी आणि नंतर काय आहे ते लिहा.

आधीचा रकाना: शेवटचा तास दीडला सुटतो आणि गट साडेतीनला भरतो. मधल्या दोन तासांत ग्रंथालयात बसून गटाची तयारी होणार असेल तर ते अभ्यासाचे तास. कँटीनमध्ये जाणार असतील तर ते गटाच्या खर्चात धरा, आणि प्रामाणिकपणे धरा.

नंतरचा रकाना: गट पाचला सुटतो, प्रत्यक्षात सव्वापाचला. कॉलेज रोडवरून किंवा गंगापूर रोडवरून सीबीएस, ठक्कर बाजार किंवा निमाणी स्टँड गाठायला संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ लागतो, हे एकदा त्याच वेळी जाऊन बघा. दुपारच्या अंदाजावर विसंबू नका. गावाकडची सोयीची एसटी कितीची आणि ती चुकली तर पुढची कितीची, हे दोन्ही आकडे कागदावर हवेत. पुढची गाडी दीड तासाने असेल तर तो गट तुमच्यासाठी दीड तासाने महाग आहे. वसतिगृहात राहत असाल तर गेट बंद होण्याची आणि मेसची वेळ लिहा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुपारच्या पाळीला जाणाऱ्यांनी, म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन ते अकरा, दुपारच्या गटाचा विचारच सोडावा आणि सकाळचा गट आहे का ते विचारावं.

यादीवरच्या वेळेत तयारी धरलेली नसते. दीड तासाच्या बैठकीला किमान तासभर घरी हात चालवून यावं लागतं, नाहीतर तुम्ही फक्त बघे होता. ‘आठवड्यातून दोनदा दीड तास’ म्हणजे ३ तास बैठक, २ तास तयारी, शिवाय थांबणं. म्हणून सांगितलेली वेळ दुप्पट धरून चाला.

नाशिक जिल्ह्यातल्या मुलांनी आणखी एक रकाना घालायला हवा: हंगाम. पहिल्या सत्राच्या शेवटी, परीक्षा तोंडावर आली की द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी येते, मागोमाग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी. दुसऱ्या सत्रात जानेवारीपासून मार्चपर्यंत द्राक्षकाढणी आणि मग उन्हाळ कांदा. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या घरांत या दिवसांत कॉलेजातल्या मुलांचेही हात लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. गट समन्वयकांना हे आधीच सांगा: “सर, ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे मला जमणार नाही.” सांगून न येणाऱ्याचं कुणालाही वाईट वाटत नाही, न सांगता गायब होणाऱ्याचं वाटतं. समन्वयकांनी त्यावर काय उत्तर दिलं, यावरूनही गट कसा आहे ते कळतं.

एक बैठक बसून बघा

नाव न देता एका बैठकीला बसू देण्याची विनंती करा. “मॅडम, मी एक दिवस मागे बसून बघू का?” याला नकार मिळाला तर कारण विचारा. बसायला मिळालं, तर वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या गोष्टी टिपा.

खडू कुणाच्या हातात आहे? दीड तासात फळ्यावर किती वेगवेगळ्या मुलांनी लिहिलं ते मोजा. एकच हुशार मुलगा नव्वद मिनिटं समजावतो आणि बाकीचे उतरवून घेतात, असं असेल तर ती फुकटची शिकवणी आहे. शिकतोय तो समजावणाराच. चार-पाच जण उठले, अडले, पुसून परत लिहिलं, तर गट काम करतोय.

‘कळलं नाही’ म्हटल्यावर काय होतं? सगळ्यात महत्त्वाची टीप हीच. एखादी मुलगी म्हणाली, “ही पायरी कशी आली?” त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाकडे लक्ष द्या. चांगल्या गटात कुणीतरी विचारतं, “आधीच्या पायरीपर्यंत पटलं का?” आणि दोघं मिळून मागे जातात. वाईट गटात तीच पायरी थोड्या मोठ्या आवाजात परत सांगितली जाते, किंवा ‘ते सूत्रच आहे, पाठ कर’ म्हणून विषय संपतो. सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी हसतं. जिथे हसतात तिथे महिन्याभरात प्रश्न यायचे थांबतात, आणि प्रश्न थांबले की गटात उरतं काय?

एका टेबलाशी किती जण आहेत? पाच ते आठ ठीक. दहाच्या वर गेले की दोन गट आपोआप पडतात: एक बोलणाऱ्यांचा आणि एक ऐकणाऱ्यांचा. यादीवर चाळीस नावं असायला हरकत नाही, पण बसताना त्यांचे तुकडे व्हायला हवेत.

काम कोणत्या पातळीचं आहे? इथे अनेकांची फसगत होते. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात युरी ट्रीझमन यांनी पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये नापास होणारी अनेक कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, पण एकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपासत होती. ट्रीझमन यांनी जे गट सुरू केले त्यांत ‘कच्च्या मुलांसाठी उजळणी’ ठेवली नाही, मुद्दाम अवघड गणितं ठेवली. गटातल्या मुलांचे निकाल सुधारले. त्यामागचं कारण साधं आहे. सोप्या गणिताला गट लागत नाही, ते जो-तो आपापलं सोडवतो आणि उरलेला वेळ गप्पांत जातो. एकट्याने न सुटणारं गणित समोर असलं तरच माणसं एकमेकांकडे वळतात. गटात फक्त नोट्सची देवाणघेवाण आणि ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी चालत असेल, तर तेवढं व्हॉट्सॲपवर होतं, त्यासाठी बस चुकवू नका.

कोणत्या भाषेत चालतं? मराठी माध्यमातून आलेल्या, विशेषतः पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मुलांचा विषय कच्चा नसतो, पुष्कळदा इंग्रजी वाक्य आडवं येतं. चर्चा मराठीत आणि शेवटची पंधरा मिनिटं उत्तर परीक्षेच्या भाषेत लिहून काढणं, अशी पद्धत असलेला गट या मुलांना फार उपयोगी पडतो. सगळं इंग्रजीत चालत असेल तर मराठीत प्रश्न विचारून बघा. उत्तर नीट मिळालं तर हरकत नाही.

समन्वयकांना विचारायचे प्रश्न

मागच्या वर्षी सुरुवातीला किती मुलं होती आणि सत्राच्या शेवटच्या बैठकीला किती होती? आकडा कमी असला तरी चालेल, आकडा सांगता यायला हवा. गट कुणी चालवतो, आणि तो शेवटच्या वर्षाचा असेल तर पुढच्या वर्षी कोण? वर्गखोली ठरलेली आहे का? दर आठवड्याला रिकामा वर्ग शोधत हिंडण्यात वीस मिनिटं जातात आणि तिसऱ्या आठवड्याला मुलं गळतात. गट मोडायला एवढं कारण पुरतं. दोन विषयांचे शिक्षक एकमेकांशी बोलतात का, की एकच उत्साही शिक्षक सगळं ओढत आहेत? तसं असेल तर त्यांची बदली किंवा परीक्षेची ड्यूटी आली की गट थांबणार, हे गृहीत धरा.

क्रेडिट मिळेल असं सांगितलं तर थोडं खोलात जा. क्रेडिट मिळतं ते अभ्यासक्रमाच्या आराखड्यात असलेल्या कोर्सला. त्याला कोर्स कोड असतो, सत्र ठरलेलं असतं, गुणपत्रिकेवर तो दिसतो आणि पुढे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुमच्या खात्यावर जमा होतो. म्हणून विचारा: कोर्स कोड काय, किती क्रेडिट, आराखड्यातल्या कोणत्या प्रकारात? सहअभ्यासक्रम उपक्रमांत बसत असेल, तर त्याच जागी एनएसएस, एनसीसी किंवा क्रीडा घेतलं आहे का तेही बघा, कारण एकाच जागेवर दोन गोष्टी मोजल्या जात नाहीत. कोड सांगता आला नाही तर मिळेल ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्र वाईट नाही, पण ते क्रेडिट नव्हे.

पैसे मागितले तर पावती मागा. कॉलेजच्या नावाची पावती नसेल तर देऊ नका. आणि बैठकीत हजेरीपत्रक आणि फोटो यांवरच सगळा जोर असेल, तर तो गट कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलीसाठी असण्याची शक्यता बरीच आहे. फोटो काढल्यानंतर पुढचा तासभर काय होतं ते बघून मत बनवा.

कुणी जाऊ नये, निदान या सत्रात

मागचे दोन-तीन विषय राहिले असतील आणि गट चालू सत्राच्या विषयाचा असेल, तर आधी राहिलेले विषय. एनएसएसमध्ये नाव असेल तर वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर आधीच डोक्यावर आहे. ‘कमवा व शिका’मध्ये असाल तर तेही तास आहेत. या दोन्हींबरोबर तिसरं ओझं घेतलं की तिन्ही अर्धवट होतात. एकट्याने व्यवस्थित अभ्यास होतोय, गुण चांगले आहेत, शंका शिक्षकांना विचारता येतात, अशांनाही गटाची गरज नाही. केवळ मित्र जातोय म्हणून जाऊ नका.

उलट, डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतलेल्या मुलांनी जरूर जावं. वर्गातल्या ओळखी पहिल्या वर्षीच झालेल्या असतात, आणि तिसऱ्या सत्राचं गणित पहिल्या वर्षाच्या गणितावर उभं असतं, जे त्यांनी वेगळ्या पद्धतीने शिकलेलं असतं. दोन्ही खड्डे एकदम भरून काढायला गटासारखी जागा नाही.

चार आठवड्यांची चाचणी

जायचं ठरलं तर सत्रभराचा शब्द देऊ नका, चार आठवड्यांचा द्या. पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी ज्या विषयाची धास्ती आहे त्याची जुनी प्रश्नपत्रिका घ्या. एक मोठा प्रश्न निवडा, घड्याळ लावून २० मिनिटं एकट्याने लिहा, तारीख टाका आणि कागद ठेवून द्या. चार आठवड्यांनी दुसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतला त्याच धड्यावरचा प्रश्न तसाच लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो.

हे लिहून बघणं महत्त्वाचं आहे. गटात बसल्यावर समजल्यासारखं वाटतं, कारण अवघड पायरी दुसऱ्याने ओलांडलेली असते. म्हणून प्रत्येक बैठकीच्या दुसऱ्या दिवशी वही मिटून कालचं एक गणित परत सोडवा. जिथे अडाल तीच पुढच्या बैठकीची शंका.

आठ बैठकांपैकी सहा झाल्या, दुसरा कागद पहिल्यापेक्षा पुढे गेलेला आहे आणि बाकीच्या विषयांचा अभ्यास मागे पडलेला नाही, तर राहा. बैठका चुकत असतील तर वेळ चुकीची आहे. दुसरा गट बघा. बैठका झाल्या पण कागद तिथेच असेल तर तयारीशिवाय जाताय का ते तपासा. तयारी करूनही तेच, तर गट सोडा.

सोडताना गुपचूप बंद होऊ नका. समन्वयकांना एवढं पाठवलं तरी पुरतं: “सर, गेले चार आठवडे मी बुधवारच्या गटात येत होते. पाचनंतरची गाडी चुकते म्हणून पुढे जमणार नाही. माझ्याकडे असलेली दोन पुस्तकं आणि गणितांची फाइल सोमवारी आणून देते. सकाळचा गट सुरू झाला तर नक्की कळवा.” कॉलेज लहान असतं आणि पुढे शिफारसपत्र त्याच सरांकडून घ्यायचं असतं.

कॉलेजात गटच नसेल तर

पाच जण जमवा. सगळे जिवलग मित्र नकोत, नाहीतर अभ्यासाचा वेळ चहाला जातो. पण एसटीची दिशा एक असलेले दोघे-तिघे असले तर उपयोग होतो. विषय एकच घ्या. विभागप्रमुखांकडे अर्ज करून आठवड्याला एक ठरलेला वार, ठरलेली खोली आणि ९० मिनिटं मागा. आदल्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर चार गणितं टाकायची, बाकी त्या ग्रुपवर काही नाही. सणांच्या शुभेच्छाही नाहीत, कारण पन्नास संदेशांत गणित हरवतं. पहिली १० मिनिटं कोण कुठे अडलं ते सांगणं, मधली ६० मिनिटं फळा, शेवटची २० मिनिटं आपापल्या वहीत न बोलता लिहिणं. पहिल्या बैठकीत नियम ठरवत बसू नका. पहिलं गणित फळ्यावर लिहा आणि सुरुवात कुठून करायची हेच ज्याला कळत नाहीये, त्याच्या हातात खडू द्या.